फोडणारा कोण

“यात शुद्धलेखनाची चूक कुठे आहे, बाई?”

आमोसनं विचारलं. आवाजात चीड होती.

सलोमीबाईंनी कागद टेबलावर ठेवला. लाल पेन्सिल उचलली, पण कागदाला लावली नाही.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. “ऱ्हस्व-दीर्घ सगळं जिथल्या तिथं.”

“मग?”

“मग वास कसला येतोय याला?”

…

सलोमीबाई रणनवरे मिशनच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नव्हतं. मिशनच्या कंपाउंडात, चर्चच्या मागे, चिंचेखालच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. कंपाउंडातली लग्नपत्रिका असो की थडग्यावर कोरायची ओळ, बाईंच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय ती पक्की होत नसे.

आमोस शिनगारे त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. त्याची आई कंपाउंड झाडायची. आता तो त्याच शाळेत मराठीचा शिक्षक होता. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा तो आमोसनंच. जूनपासून तो मुख्याध्यापक होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

आणि बारा दिवसांपूर्वी हे झालं.

पाचवीच्या वर्गात चांगुणा मेंगाळ धडा वाचायला उभी राहिली. डोंगरातल्या ठाकरवाडीची पोरगी, शाळेच्या बोर्डिंगात राहायची. तिनं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं.

“ण,” आमोस म्हणाला.

“पानी.”

“ण! जीभ वर लाव.”

“पानी.”

वर्ग हसला.

आमोसनं तिच्या डाव्या कानशिलात मारली. एकच. पण पूर्ण ताकदीनं.

कानातून रक्त आलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, पडदा फाटलाय, आतही मार बसलाय, या कानानं पुन्हा ऐकू येईलसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी बाप आला आणि पोरीला घेऊन गेला. कोणाशी एक शब्द बोलला नाही.

शाळेच्या कमिटीनं आमोसकडे लेखी खुलासा मागितला. सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, चार ओळी नीट लिहून द्या, फाइलला लागतील, विषय संपेल.

त्या चार ओळी घेऊन आमोस बाईंकडे आला होता. रविवारी दुपारी, उपासनेनंतर.

…

“वाच,” बाई म्हणाल्या. “मोठ्यानं.”

आमोसनं वाचलं. त्याचा आवाज चांगला होता, आणि ते त्याला माहीत होतं.

“‘वर्गात अध्यापन सुरू असताना शिस्तीच्या दृष्टीने हात उगारला गेला असता, सदर विद्यार्थिनीच्या कानास अनवधानाने इजा पोहोचली. घडलेल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.’”

“कर्ता शोध.”

“बाई, मी पाचवीत नाही आता.”

“पाचवीतली पोरगी घरी बसलीये. तिच्या जागेवर तू बस. कर्ता कसा शोधतात?”

आमोसनं नाक फुगवलं. पण उत्तर दिलं. बाईंसमोर उत्तर न देण्याची त्याला सवय नव्हती.

“धातूला ‘णारा’ लावायचं आणि विचारायचं, कोण?”

“मग विचार.”

“उगारणारा कोण?”

“कोण?”

…

“बोल. तूच लिहिलंयस ना? उगारणारा कोण? तो यात नाहीच. पोहोचणारी कोण? इजा. म्हणजे इजा आपली चालत चालत आली आणि पोरीच्या कानाशी पोहोचली. खेद व्यक्त करणारा कोण? तोही नाही. एवढ्या ओळींत एक माणूस नाही, आमोस. हात आहे, कान आहे. माणूस नाही.”

“ऑफिसची भाषा अशीच असते.”

“मग ऑफिसलाच शिकव. पोरांना कशाला शिकवतोस?”

बाईंनी वहीतलं एक कोरं पान काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

“लिही.”

आमोसनं खिशातलं पेन काढलं. दात आवळून लिहिलं: माझ्या हातून चूक झाली.

“हाताला पुढे करतोस?” बाई म्हणाल्या. “आणि चूक झाली म्हणे. संध्याकाळ झाली, लग्न झालं, चूक झाली. काय केलंस ते लिही.”

त्यानं खाली लिहिलं: मी विद्यार्थिनीला शिक्षा केली.

“शिक्षा गुन्ह्याला असते. तिचा गुन्हा काय? तिची आई जे बोलते ते ती बोलली. आणि विद्यार्थिनीला नाव नाही?”

पेन कागदात रुतलं.

मी चांगुणाला मारलं. तिचा कान फुटला.

बाई खुर्चीवरून उठल्या. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला, पण आवाजाला कशाचाही आधार लागत नव्हता.

“फुटणारा कोण?”

“…कान.”

“म्हणजे कर्ता कोण?”

“कान.”

“वा! कान आपला आपण फुटला. मडकं फुटतं तसा. आमोस शिनगारे शेजारी उभे होते, त्यांनी नुसतं पाहिलं.” बाईंनी टेबलावर बोट आपटलं. “मराठीत दोन क्रियापदं आहेत, फुटणं आणि फोडणं. पहिलीतलं पोर सांगेल. मी तुला दोन्ही शिकवली. एकच वापरतोस. का?”

आमोसनं पुन्हा पेन टेकवलं. ‘मी चांगुणाचा कान’ इथपर्यंत लिहिलं.

पुढे पेन गेलं नाही.

…

मग त्यानं ते पेन भिंतीवर फेकलं.

“सकाळी चर्चमध्ये तुम्ही काय केलंत?” तो ओरडला. “प्रभुभोजनाची भाकर आली, तुम्ही घेतली नाही. प्याला आला, तो शेजारी देऊन टाकलात. सगळ्या मंडळीनं पाहिलं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं! मला लाज आणायची होती ना? आली. पोटभर आली.”

“ते तुझ्यासाठी नव्हतं.”

“मग कोणासाठी होतं?”

बाई टेबलावरची पानं सारखी करायला लागल्या.

“मी सांगतो,” आमोस म्हणाला. त्यानं डावा हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. करंगळी मधल्या पेरात वाकडी होती. “हे कोणी केलं? सहावीत होतो मी. ‘बाण’ला ‘बान’ म्हटलं. तुम्ही फूटपट्टी आडवी नाही, उभी धरलीत. धारेनं मारलंत. तीनदा.”

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

“दर शिक्षकदिनाला मी स्टेजवर हे बोट दाखवतो. म्हणतो, बाईंनी मारलं म्हणून मी घडलो. लोक टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेत तुम्ही बसलेल्या असता. एकदा तरी उठून म्हणालात का, आमोस, गप्प बस, खाली बस?”

“नाही म्हणाले.”

“तुम्ही हसायचात!”

“हसायचे.”

“मग आज कुठल्या तोंडानं मला कर्ता विचारताय?”

बाहेर चिंचेखाली पोरं खेळत होती, त्यांचा गलका आत येत होता.

“माझी आई गावोगाव फिरून शुभवार्ता सांगायची,” बाई शेवटी म्हणाल्या. “अनवाणी. तीही पानीच म्हणायची. मीही तेच बोलत ट्रेनिंग कॉलेजात गेले. पहिल्याच दिवशी उभं राहून वाचलं. चाळीस मुली हसल्या. शिकवणाऱ्या मॅडमही हसल्या. म्हणाल्या, मिशनवाल्यांनी कपडे दिले, जीभ द्यायची राहिली. त्या दिवशी मी ठरवलं, आमच्या कंपाउंडातल्या एकाही पोराला कोणी असं हसता कामा नये. मी त्यांची जीभ—”

त्या थांबल्या. स्वतःवरच चिडल्यासारखं मान झटकली.

“हे कारण झालं,” त्या म्हणाल्या. “कारण म्हणजे कर्ता नव्हे.”

त्या पुन्हा बसल्या. दुसरं पान काढलं. लाल पेन्सिलीनंच लिहायला लागल्या. अक्षर अजून वळणदार होतं.

मी आमोसचं बोट मोडलं. त्याच्या आईला सांगितलं, पोरगा पडला, त्याला लागलं. सलोमी रणनवरे.

पान आमोसपुढे सरकवलं. त्यावर पेन्सिल ठेवली.

“तपास.”

आमोसनं वाचलं. दुसरं वाक्य त्याला माहीत नव्हतं. आईनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं, की तिला काय सांगण्यात आलं.

“तुम्ही तिला… पडला म्हणून सांगितलंत?”

“हो.”

“आणि तिनं मला विचारलं, झाडावर चढलास ना, म्हणून तिनंही मला…”

“मारलं?”

त्यानं मान हलवली. मग ओठ घट्ट मिटले. मग घाईघाईनं म्हणाला, “जाऊ द्या. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय, बाई.”

बाईंचा चेहरा लाल झाला.

“मी माफी मागितली नाही अजून! एवढी स्वस्त करू नकोस. आणि छत्तीस वर्षं शिकवलं मी. तू एकटाच होतास असं वाटतं तुला?”

आमोस उठला. दोन्ही पानं मुठीत चुरगळत धरली आणि दार आपटून निघून गेला.

…

मंगळवारी कमिटी बसली.

आमोसनं दिलेल्या कागदावर एकच ओळ होती. मी चांगुणा मेंगाळचा कान फोडला. खाली सही.

सेक्रेटरींनी ती दोनदा वाचली.

“हे काय आहे, सर? यावर उद्या पोलीस केस होईल. पहिला कागद चांगला होता की.”

“त्याच्यात मी नव्हतो,” आमोस म्हणाला.

“म्हणूनच चांगला होता!”

आमोसनं कागद परत घेतला नाही. सेक्रेटरी त्याला समजावत राहिले, मग ओरडायला लागले, मग इतरांकडे बघून खांदे उडवून गप्प झाले. संध्याकाळी निलंबनाचं पत्र त्याच्या हातात पडलं. जूनची गोष्ट तर कोणी काढलीच नाही.

पत्र घेऊन तो थेट बाईंच्या दारात गेला. मान ताठ होती.

बाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

“लिहून दिलं, बाई. फोडला असंच लिहिलं.”

“बरं.”

“नोकरी जाईल बहुतेक.”

“बरं.”

तो उभा राहिला. बाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

“एवढंच?” आमोस म्हणाला.

“टाळ्या हव्यात?”

…

“पोरीला सांगितलंस?” बाईंनी विचारलं.

“कमिटीला लेखी दिलंय मी! सहीनिशी!”

बाईंनी सूप इतक्या जोरात खाली ठेवलं की तांदूळ उडाले.

“कमिटीचा कान फोडला होतास का?”

…

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. फाट्यावर उतरून तासभर चढ होता. बाई चार ठिकाणी थांबल्या. आमोसनं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

ठाकरवाडीत दहा-बारा घरं. चांगुणाची आई हिरा अंगणात फडक्यावर हिरडा वाळत घालत होती. चांगुणा उंबऱ्यात बसली होती. आमोस दिसताच ती उठली आणि आत गेली. पळाली नाही. पाठ भिंतीला घासत, त्याच्यावरची नजर न काढता गेली.

आमोसनं घसा साफ केला. रस्ताभर त्यानं वाक्य घोळवलं होतं.

“मी चांगुणाचा कान फोडला.”

हिरानं मान वर केली.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “ह्ये सांगाया डोंगर चढलास व्हय?”

आमोसनं चांगुणा गेली त्या दाराकडे पाहिलं.

“पानी म्हनली म्हून मारलंस ना?” हिरानं हिरडा खाली टाकला. “मी बी पानी म्हनते. तिचा आजा बी पानीच म्हनायचा. समदी वाडी म्हनते.”

ती उठून त्याच्याजवळ आली. इतकी जवळ की तो मागे सरला. तिनं मान वळवली आणि डावा गाल त्याच्यापुढे धरला.

“मार.”

“नाही… ऐका…”

“मार की! पानी. पानी. पानी. मार!”

आमोसचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या. हिरा तशीच उभी होती, गाल पुढे करून, डोळे मिटून. तिचा श्वास जोरजोरात चालला होता.

“चुकलो,” आमोस म्हणाला. त्याचा चांगला आवाज कुठे गेला कोण जाणे. “मी चुकलो.”

हिरानं डोळे उघडले.

“मंग? मी काय करू त्याचं? जा आता.”

ती वळली आणि फडक्यावर जाऊन बसली.

…

वाडीच्या खाली, करवंदीच्या जाळीपाशी आमोस थांबला. रागानं त्याला धड बोलता येत नव्हतं.

“झालं तुमचं समाधान? कर्ता सांगितला, नोकरी घालवली, इथं येऊन चार माणसांत नाक घासलं. आणि ती? एक शब्द नाही. क्षमा करावी माणसानं, बाई. आपला धर्म तर हेच—”

“धर्म तिच्या डोक्यावर मारू नकोस!” बाई कडाडल्या. “तिनं कुठे बाप्तिस्मा घेतलाय? आणि घेतला असता तरी. तू मागायला आला होतास की घेऊन जायला?”

आमोस त्यांच्याकडे बघत राहिला. मग झपाझप उतरणीला लागला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

म्हणून त्याला दिसलं नाही, की बाई खाली आल्याच नाहीत. त्या पुन्हा वर चढल्या आणि हिराच्या अंगणात एका दगडावर जाऊन बसल्या.

“आता तुमचं काय?” हिरानं विचारलं.

“मीही मास्तरीणच. त्याला मीच शिकवलं.”

हिरानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“मंग तुमी बी जावा.”

“जाते,” बाई म्हणाल्या. “गुरुवारी येते.”

…

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईंनी प्रभुभोजनाचा प्याला पुन्हा न घेताच पुढे सरकवला. त्या रविवारी आमोस चर्चला आलाच नव्हता. तो घरात बसून होता. आईच्या जुन्या पेटीत त्यानं ती दोन चुरगळलेली पानं ठेवली होती. कधी काढून वाचायचा, कधी नुसता पेटीकडे बघायचा. चौकशी चालू होती. पोलीस एकदा जबाब घेऊन गेले होते. त्यानं त्यांनाही तेच सांगितलं. आता ते वाक्य म्हणताना त्याची जीभ अडखळत नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

महिनाअखेरीस एसटीच्या कंडक्टरनं त्याला बाजारात गाठलं.

“तुमच्या बाई या वयात दर गुरुवारी डोंगर चढतात, सर. कोणीतरी सांगा त्यांना. मरतील एखाद्या दिवशी.”

आमोस पुढच्या गुरुवारी गेला. रागातच गेला. त्यांना घेऊन यायचं, असं ठरवून.

अंगणात हिरड्याचा ढीग होता. त्याच्या एका बाजूला हिरा, दुसऱ्या बाजूला चांगुणा आणि बाई. तिघी हिरडा निवडत होत्या. बाई मातीत मांडी घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर शाळेची दुरेघी वही उघडी होती.

“लोणी,” बाई म्हणाल्या.

चांगुणा खुदकन हसली. “आसं न्हाय, आजी. लोनी.”

“लोणी.”

“जीभ वर नका नेऊ. खालीच ठिवा. लोनी.”

बाईंनी डोळे मिटून प्रयत्न केला. साठ वर्षांची सवय होती, जीभ वरच जात होती. चौथ्या वेळी जमलं. त्यांनी पेन्सिलीनं वहीत लिहिलं, ‘लोनी’, आणि वही चांगुणाला दाखवली. चांगुणानं गंभीरपणे मान हलवली.

आमोस अंगणाच्या कडेला उभा राहून हे बघत होता.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही चुकीचं लिहिताय.”

चांगुणाचं हसणं बंद झालं. बाईंनी वर पाहिलं नाही.

“तुम्ही असं शिकवाल तर ही पुढे कुठे टिकणार? उद्या दुसऱ्या शाळेत जाईल, तालुक्याला जाईल. लोक हसतील तिला.”

“हसणारा कोण?” बाईंनी विचारलं.

…

आमोस पायांखालच्या मातीकडे बघत राहिला. पोरीला मारलं त्या दिवशी वर्ग हसला होता. वर्गातल्या एकालाही त्यानं गप्प केलं नव्हतं.

थोड्या वेळानं तो हिराकडे वळला.

“मी बसू का?”

हिरानं चांगुणाकडे पाहिलं. चांगुणानं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग हातातल्या हिरड्याकडे. मग खांदा जरासा हलवला.

“बस,” हिरा म्हणाली. “पन हातभर लांब.”

आमोसनं चपला काढल्या. वाटेकडच्या बाजूला, चांगुणाच्या डावीकडे जिथं जागा मोकळी होती, तिथं हातभर अंतर सोडून बसला. त्याची पँट मातीनं भरली. त्यानं ढिगातले चार हिरडे उचलले. चांगले कुठले, किडके कुठले, ते त्याला कळत नव्हतं.

“चांगुणा,” तो हळूच म्हणाला. “यातला चांगला कुठला?”

चांगुणा खाली मान घालून निवडत राहिली.

तो थांबला.

“चांगुणा, हा चांगला का?”

पोरगी ढिम्म. तिनं एक हिरडा उचलला, फुंकर मारली, सुपात टाकला.

आमोसच्या कपाळावरची शीर वर आली. इतके दिवस त्यानं जे सोसलं होतं ते सगळं एकदम उफाळून आलं. तो इथवर आला होता. मातीत बसला होता. आपणहून विचारत होता, आणि ती साधं वळूनही बघत नव्हती.

“चांगुणा!” आवाज वर्गातला झाला. “मी तुझ्याशी बोलतोय—”

हिराचा हात ढिगावर थबकला.

बाईंनी वही मिटली.

“उजवीकडे बस,” त्या म्हणाल्या.